चेंबर ऑफ कॉमर्सच्या पाटीमागे काय असतं?



आज एका पाटीबद्दल बोलायचं आहे. अमेरिकेतल्या कुठल्याही लहान गावात मेन स्ट्रीटवरून गाडी काढली की कुठेतरी ‘चेंबर ऑफ कॉमर्स’ अशी पाटी दिसते. आपल्यातल्या निम्म्या लोकांना ते सरकारी ऑफिस वाटतं. उरलेल्यांना वाटतं, पाहुण्यांना नकाशे वाटायची जागा असेल. खरं तर ती गावातल्या धंदेवाल्यांनी वर्गणी काढून चालवलेली संघटना असते, सरकारशी तिचा थेट संबंध नसतो. पद्धत जुनी आहे. न्यू यॉर्कचं चेंबर १७६८ सालचं, म्हणजे हा देश स्वतंत्र व्हायच्या आठ वर्षं आधीचं.

हे लोक नक्की करतात काय, हे मला बेंटनव्हिलमध्ये राहून कळलं. अर्कान्सासच्या वायव्य कोपऱ्यातलं हे गाव. रिटेलच्या प्रोजेक्टवर आलेली आपली बरीच मंडळी इथे आहेत, तुमच्याही ओळखीचं कोणीतरी असेलच. सॅम वॉल्टन यांनी १९५० मध्ये इथल्या चौकात एक छोटं दुकान घेतलं. पुढे १९६२ मध्ये पहिलं वॉलमार्ट शेजारच्या रॉजर्स गावात निघालं. १९९० च्या जनगणनेत बेंटनव्हिलची वस्ती होती ११,२५७. २००० मध्ये १९,७३०, आणि २०२० मध्ये ५४,१६४. तीस वर्षांत जवळजवळ पाचपट! आपल्याकडे तालुक्याचं गाव असं वाढलं की पाणी, रस्ते, शाळा सगळ्यांचा बोजवारा उडतो. इथेही उडू शकला असता.

इथे चार गावं ओळीने आहेत. बेंटनव्हिल, रॉजर्स, स्प्रिंगडेल, फेएटव्हिल. प्रत्येकाचं चेंबर वेगळं, नगरपालिका वेगळी, आणि शाळांच्या फुटबॉल सामन्यात एकमेकांचं तोंड बघायची तयारी नाही. विमानतळ म्हणाल तर फेएटव्हिलचा जुना, डोंगरांमधल्या खोऱ्यात, लहान विमानांपुरता. वॉलमार्ट बेंटनव्हिलला, टायसनची कोंबडी स्प्रिंगडेलला, जे. बी. हंटचे ट्रक लोवेलला, विद्यापीठ फेएटव्हिलला, अशी वाटणी. १९९० मध्ये सॅम वॉल्टन, डॉन टायसन, जे. बी. हंट आणि इतर मंडळींनी एकत्र येऊन नॉर्थवेस्ट अर्कान्सास कौन्सिल नावाची संघटना काढली. एका गावाची नाही, सगळ्या भागाची. पहिल्या अध्यक्ष होत्या ॲलिस वॉल्टन.

त्यांनी घेतलेला पहिला मोठा विषय म्हणजे विमानतळ. एकट्या गावाला तो झेपला नसता, म्हणून पाच गावं आणि दोन काउंट्या यांचं एक प्राधिकरण झालं. विमानतळ सुरू झाला १९९८ मध्ये. सॅम वॉल्टन १९९२ मध्येच गेले होते, त्यांना तो पाहायला मिळाला नाही. दक्षिणेकडे जाणारा, डोंगरातून बोगदा काढलेला हायवे १९९९ मध्ये पूर्ण झाला. त्याआधी तिकडे जायचं म्हणजे वळणावळणांचा जुना घाट. २०१५ मध्ये या सगळ्या गावांना जोडणारा ३६ मैलांचा सायकलमार्ग पूर्ण झाला. आणि २०२० च्या नोव्हेंबरमध्ये याच कौन्सिलने जाहीर केलं की घरून काम करणाऱ्यांनी इथे राहायला यावं, निवडलेल्यांना १०,००० डॉलर आणि एक सायकल देऊ! माझ्या पुण्यातल्या मित्राला हे सांगितलं तर तो म्हणाला, ‘सायकल आमच्याकडून घेऊन जा, पैसे आम्हाला द्या.’

आता तुम्ही म्हणाल, कोट्यधीशांनी आपल्या कंपन्यांसाठी विमानतळ काढला, त्यात नवल काय? बरोबर आहे. त्यांच्या अधिकाऱ्यांना आणि माल विकायला येणाऱ्यांना विमान हवंच होतं. पण एमबीएच्या वर्गात ‘स्टेकहोल्डर’ हा शब्द पन्नासदा ऐकूनही मला जे समजलं नव्हतं, ते इथे दिसलं. गावाचं पुढच्या दहा वर्षांत काय होणार, हे नगरपालिकेच्या सभेत मतदानाला येतं तेव्हा बहुतेक ठरलेलं असतं. त्याची चर्चा आधी कुठेतरी सकाळी साडेसातला, कॉफी आणि बेगलच्या समोर झालेली असते. त्या खोलीत कोण होतं, यावर पुढचं बरंच अवलंबून असतं.

मोठं कौन्सिल मोठ्यांचं. पण गावाचं चेंबर लहानांसाठीही उघडं असतं. वर्गणी कर्मचाऱ्यांच्या संख्येवर ठरते, सर्वात लहान धंद्याला साधारण वर्षाला काही शे डॉलर. ही देणगी नव्हे, त्यामुळे देवळाला दिलेल्या पैशासारखी करसवलत मिळत नाही. पण धंद्याचा खर्च म्हणून ती बहुतांशी वजा करता येते. सरकारदरबारी खटपटी करण्यावर चेंबर जेवढा भाग खर्च करतं, तेवढा सोडून.

या पैशात दिसतं ते असं: दुकानाच्या उद्घाटनाला भली मोठी कात्री आणि रिबन, महिन्यातून एकदा संध्याकाळचा मेळावा, एकमेकांना कार्ड देणं. आपले लोक दोनदा जातात, ‘काही बिझनेस मिळाला नाही’ म्हणतात आणि सोडतात. माझं मत विचाराल तर तो मेळावा सगळ्यात कमी कामाचा. काम होतं समित्यांत. रस्ता खोदला तर तुमच्या दुकानासमोरची वाट किती दिवस बंद राहणार? पार्किंग फुकट राहणार की मीटर लागणार? पाटी किती मोठी चालेल? घरातून पाळणाघर चालवता येईल अशी कुठली वस्ती? यावर नगरपालिका मत मागते, तेव्हा पहिला फोन बहुतेक चेंबरला जातो.

आणि आपण तिथे फार कमी दिसतो. मंडळात बघा. गणपतीला आठशे माणसांचं जेवण वेळेवर, एक्सेल शीटसकट. इतकं नियोजन येणारी माणसं गावाच्या एकाही समितीत नाहीत. यात आपल्याकडे अशी परंपरा नाही असं म्हणायलाही जागा नाही. मुंबईचं १८३६ चं चेंबर युरोपियन व्यापाऱ्यांचं होतं, तेव्हा वालचंद हिराचंद यांनी १९२७ मध्ये महाराष्ट्र चेंबर काढलं. पुण्यात आ. रा. भटांनी १९३४ मध्ये मराठा चेंबर उभं केलं. पारतंत्र्यात त्यांनी हे केलं. आपल्याला तर नुसतं आत जाऊन बसायचं आहे.

बसायची घाई का? कारण गाव वाढतं तेव्हा भाडीही वाढतात. चौकातल्या छोट्या दुकानाचा करार संपतो आणि नवा आकडा ऐकून मालक दुकान हायवेलगत हलवतो, नाहीतर बंद करतो. घरांचंही तसंच. शिक्षक, नर्स, हॉटेलात काम करणारे लोक लांब लांब राहायला जातात. कौन्सिलने परवडणाऱ्या घरांचा विषय आता स्वतः हातात घेतला आहे, आणि ते ठीकच आहे. पण एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. दुकानाचा मालक आणि त्याचा भाडेकरू दोघेही चेंबरचे सभासद असतात. मोठी कंपनी हजारोंची वर्गणी देते, इडलीवाला काही शे डॉलरची. त्यामुळे भाड्याचा विषय निघाला की खोलीत सगळ्यांना अचानक कॉफी आठवते. तिथे चार लहान धंदेवाले एकत्र बसलेले असले तरच तो विषय पुढे सरकतो. एकट्याने बोललं तर लोक हसून मान डोलावतात, बस्स.

आपल्या भगिनींसाठी एक कामाची गोष्ट. अर्कान्सासमध्ये २०२१ पासून ‘फूड फ्रीडम ॲक्ट’ आहे. फ्रीजमध्ये ठेवावे न लागणारे पदार्थ, म्हणजे आपली चकली, शंकरपाळी, चिवडा, लाडू, घरी करून, योग्य लेबल लावून, आरोग्य खात्याच्या परवान्याशिवाय विकता येतात. दुकानातूनही. पोळीभाजीचा डबा मात्र यात बसत नाही, त्याला परवाना असलेलं स्वयंपाकघर लागतं. तुमच्या राज्यात नियम वेगळे असतील, ते आधी बघा. विक्रीकराचं वेगळं विचारा. आणि सर्वात आधी व्हिसा! एच-फोरवर असाल तर ईएडी हातात येण्याआधी एकही डबा विकू नका, फराळ घरचा असला तरी. एच-वनवाल्यांनाही जोडधंदा चालवता येत नाही. इथे नातेवाइकाचा सल्ला नको, वकिलाचा घ्या.

वर्गणी भरण्याआधी एकदा पाहुणे म्हणून सकाळच्या बैठकीला जा. बहुतेक चेंबर एक-दोनदा तसं येऊ देतात. कार्ड वाटत फिरू नका. मागे बसा आणि ऐका. तिथल्या माणसाला विचारा, नगरपालिकेशी बोलणाऱ्या समितीत कोण आहे, त्यात दहापेक्षा कमी कर्मचारी असलेले धंदे किती, आणि गेल्या वर्षी त्यांनी कुठल्या नियमावर लेखी मत दिलं. उत्तर टाळलं, तर पैसे वाचले. ते कागद काढून दाखवायला लागले, तर फॉर्म मागून घ्या.

आणि जाताना शेजारच्या भाजीवाल्या पटेलकाकांनाही गाडीत घ्या. ते तुमच्या दहा वर्षं आधी या गावात आलेले आहेत.