स्थैर्य स्फटिकाचे आणि भोवतालाचे



स्फटिकाची रचना हा केवळ प्रयोगशाळेतील तज्ज्ञांचा विषय, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु वापरलेले अणुइंधन पुढील हजारो पिढ्यांना उपद्रव न होता कोठे ठेवावे, हा प्रश्न अखेर स्फटिकापाशीच येऊन थांबतो.

१९६९ साली कार्यान्वित झालेल्या तारापूरच्या अणुवीजकेंद्राचे इंधन म्हणजे युरेनियम डायऑक्साइडच्या भाजून घट्ट केलेल्या गोळ्या. हेच संयुग निसर्गात युरेनिनाइट या काळ्या, जड खनिजाच्या रूपाने आढळते. झारखंडमधील जादुगुडाच्या खाणीतही ते आहे. त्याच्या स्फटिकात प्रत्येक युरेनियम अणूभोवती ऑक्सिजनचे आठ आणि प्रत्येक ऑक्सिजनभोवती युरेनियमचे चार अणू असतात. ही बांधणी इतकी भक्कम, की ती वितळण्यास २,८०० अंश सेल्सिअसहून अधिक उष्णता लागते.

मात्र उष्णतेला दाद न देणारा हा स्फटिक ऑक्सिजनपुढे नमतो. त्याच्या जाळीतील रिकाम्या जागांत जादा ऑक्सिजन शिरतो. युरेनियमची संयुजा चारवरून सहावर गेली, की रचनाच पालटते आणि शोएपाइटसारखी पिवळी, थरांची, पाणी धारण करणारी खनिजे जन्मतात. पाण्यात कॅल्शियम व सिलिका असल्यास त्यांची जागा अधिक स्थिर असे युरेनोफेन घेते. प्रत्येक परिस्थितीत कमीत कमी मुक्त ऊर्जेचे रूप टिकते, हा उष्मागतिकीचा नियम येथे प्रत्ययास येतो. चार संयुजेचे युरेनियम पाण्यात जवळजवळ विरघळत नाही; सहा संयुजेचे मात्र कार्बोनेटयुक्त पाण्याबरोबर सहज वाहून जाते.

याची साक्ष आफ्रिकेतील गॅबॉन देशात मिळते. तेथील ओक्लो येथे सुमारे २०० कोटी वर्षांपूर्वी नैसर्गिक अणुभट्ट्या चालल्या होत्या, हे १९७२ साली उघडकीस आले. विखंडनातून निर्माण झालेली काही द्रव्ये निसटली. पण बहुतांश युरेनियम आणि त्यात तयार झालेले प्लुटोनियम जवळपास जागेवरच राहिले. भोवताली सेंद्रिय द्रव्य होते, ऑक्सिजनचा शिरकाव अल्प होता.

फिनलंडने आपले वापरलेले इंधन चारशे मीटरहून खोल, ऑक्सिजनविरहित भूजल असलेल्या खडकात, तांब्याच्या पेट्यांत ठेवण्याची योजना आखली, ती याच तत्त्वावर. पेटी मानवनिर्मित असते. तिला कधीतरी गंज चढणारच. त्यानंतर राखण करायची ती स्फटिकाने आणि खडकाने. म्हणून अशी जागा निवडताना जमिनीच्या किमतीआधी तेथील पाण्याची परीक्षा झाली पाहिजे.