व्यवसाय : शेती

गटाच्या कर्जाचा अर्ज आपण सगळ्यांनीच कधी ना कधी भरला आहे. नाव, वय, गाव झालं की त्यात 'व्यवसाय' असा एक रकाना येतो. तिथं काय लिहायचं असं आम्ही विचारलं की बहुतेक जणी म्हणतात, "घरकाम लिवा ना ताई." याच बाया पाऊसभर निंदण करतात, खत टाकतात, दिवाळीपासून ओट्यात कापूस वेचत फिरतात आणि संध्याकाळी घरी येऊन चूल पेटवतात. केंद्र सरकारच्या 2007 च्या शेतकरी धोरणानं तर सातबाऱ्यावर नाव असो-नसो, बटाईनं करणाऱ्यांना आणि शेतमजुरांनाही शेतकरी म्हटलं आहे. कागद आपल्याला शेतकरी म्हणतो, आपणच स्वतःला म्हणत नाही!

म्हणून आम्ही एका बैठकीत बचत आणि परतफेडीच्या नोंदी झाल्यावर एक खेळ घेतला. नवऱ्याचं, लेकराचं, गावाचं नाव न घेता स्वतःची ओळख सांगायची. आधी सगळ्या हसल्या. मग बराच वेळ कोणी बोलेना. शेवटी एक आजी म्हणाली, "मले बियाणं ओळखू येते. दाणा हाती घेतला का उगवन का नाही, थे समजते." दुसरी म्हणाली, "मले लवकर राग येते." तिसरी म्हणाली, "मले खोटा हिशेब खपत नाही."

हे तिसरं वाक्य आम्ही वहीत लिहून ठेवलं. मूल्य हा शब्द शाळेच्या पुस्तकातला वाटतो, पण आपल्याला काय खपत नाही ते पाहिलं की आपलं मूल्य सापडतं. आणि हातात पैसा थोडा असला की ते जास्तच स्पष्ट दिसतं. आमच्या गटातल्या एका बाईनं स्वतःचं ऑपरेशन तीनदा पुढं ढकललं होतं. एकदा आहेर, एकदा बियाणं, एकदा मुलाची गाडी. तिचं चुकलं असं आम्ही म्हणत नाही. बियाणं टाळता येत नाही, हे आपल्या कोरडवाहू जिल्ह्यात कोणाला सांगायला हवं? आम्ही एवढंच विचारलं, की हे तू ठरवलंस का? ती म्हणाली, "मले कोणी इचारलंच नाही. मीबी मले नाही इचारलं." पुढच्या महिन्यात तिनं कर्जाची मागणी केली, कारणाच्या जागी ऑपरेशन लिहिलं. घरी दोन दिवस कुरकुर झाली. ऑपरेशन झालं.

आता आपल्याच जिल्ह्यातली एक गोष्ट. जानेवारी 2019 मध्ये यवतमाळला 92 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. उद्घाटनासाठी नयनतारा सहगल यांना दिलेलं निमंत्रण मागं घेतलं गेलं, त्यावरून मोठा वाद झाला, आणि शेवटी उद्घाटन केलं कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांनी. शेतकरी नवऱ्यानं आत्महत्या केल्यावर अंगणवाडीत काम करून लेकरं वाढवणारी बाई. मागे राहिलेल्या बाईला काय सोसावं लागतं, ते त्या मोठमोठ्या लेखकांसमोर आपल्या बोलीत बोलल्या. त्याआधी 'तेरवं' या नाटकातही त्यांनी काम केलं होतं. लोक त्यांना आत्महत्याग्रस्ताची बायको म्हणून ओळखत होते. त्यांच्याजवळ मात्र सांगायला स्वतःचं असं पुष्कळ होतं. आमच्या बायांनी ते भाषण मोबाइलवर पाहिलं तेव्हा त्यांना सगळ्यात नवल कशाचं वाटलं? "थे अडखळली नाही," याचं.

हे बोलायचं कारण, संक्रांत जवळ आली आहे. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामसभेनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात सरकारनं सगळ्या ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. आमच्या गटांतही नवरा गेलेल्या मैत्रिणी पुष्कळ आहेत. हळदीकुंकवाला सगळ्यांना बोलवायचं, हे बैठकीत ठरलं. पण कुंकू लावायचंच, असं आम्ही ठरवू दिलं नाही. काल पुसायला लावलं आणि आज लावायला लावलं, तर दोन्ही वेळा कपाळ तिचं आणि मर्जी आपलीच झाली. एक जण म्हणाली, मी लावणार, मले आवडते. दुसरी म्हणाली, मी वाण घेईन, कुंकू नाही. तिला कारण कोणी विचारलं नाही, तरी तिनं सांगितलं, "थ्याची आठवण म्हणून नाही. मले आता अशीच बरी वाटते." दोघींची नावं यादीत आहेत. आणखी एक जण आहे, तिचं अजून ठरलेलं नाही. तिला संक्रांतीपर्यंत वेळ आहे, आणि तिच्या नावाचं वाण आम्ही बाजूला काढून ठेवलं आहे.