स्नेहाची खूण

संन्याशाने संग्रह करू नये, ही शास्त्राची आज्ञा. स्नेह्याची खूण जवळ असावी, ही मनाची ओढ. या दोहोंचा मेळ कसा बसावा? अनगोळकरांस उत्तर दूर शोधावयास नको.

सन १८९२ च्या ऑक्टोबरात स्वामी विवेकानंद कोल्हापुराहून बेळगावास आले. प्रथम ते भाटे वकिलांकडे व पुढे वनाधिकारी हरिपद मित्र यांच्या घरी राहिले. निघतेसमयी मित्रांनी पुष्कळ आग्रह केला. पण फाटक्या जोड्याऐवजी एक मराठी जोडा आणि वेताची छडी, एवढेच स्वामींनी स्वीकारले.

मित्रांस मात्र त्यांचे छायाचित्र हवे होते. स्वामींनी प्रथम नकार दिला, शेवटी मानले. आणि पूर्वी दुसऱ्या एका गृहस्थाची हीच विनंती आपण मोडली होती, हे स्मरून त्यांच्याकडे दोन प्रती धाडावयास लावल्या.

स्नेह्यास द्यावयाचे ते त्याच्या वाटेस उपयोगी पडणारे असावे; आपण ठेवावयाचे ते इतरांसही लाभावे. घरच्या पेटीतील जुनी जपमाळ वा पत्र याच कसोटीस लावावे. तिच्यामागील माणूस मुलांस सांगितला, तर ती खूण. न सांगितला, तर केवळ संग्रह.