पाट्या उतरल्या, रीत राहिली
(शिरूर अनंतपाळ येथील सभेत दिलेले व्याख्यान)



आज तुमच्यापुढे अमेरिकेची हकीकत मांडावयाची आहे. कोणी म्हणेल, आमच्या सोयाबीनला भाव मिळेना, आणि हा गृहस्थ साता समुद्रापलीकडचे काय सांगतो? परंतु जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक काढले, ते अमेरिकेतल्या भल्या लोकांनाच अर्पण केले. तिकडे १८६५ साली काळ्या लोकांची गुलामी कायद्याने उठली होती. त्यासाठी झटणाऱ्यांचा कित्ता आपल्या देशबांधवांनी गिरवावा, अशी जोतीरावांची इच्छा होती. तेव्हा अमेरिकेची गोष्ट आपल्या घरात त्यांनीच आणून ठेवली आहे. तिचे पुढे काय झाले, तेवढे आज पाहू.

बेडी तुटली, पण रोजचा अपमान तुटला नाही. दक्षिणेकडच्या राज्यांत काळ्यांच्या शाळा वेगळ्या, पाण्याचे नळ वेगळे, गोऱ्यांच्या खाणावळीत त्यांना मज्जाव. माँटगोमेरी शहरात बसच्या पुढच्या ओळी गोऱ्यांच्या. त्या भरल्या की मधल्या ओळीतल्या काळ्यांनीही उठावयाचे. १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स नावाची बाई उठली नाही. ती कोणी पुढाऱ्याची लेक नव्हती. दुकानात कपडे शिवून पोट भरणारी होती. तिला पकडून नेले. मग तिथल्या काळ्या लोकांनी बसमध्ये पाऊल ठेवावयाचे नाही असे ठरविले. धुणीभांडी करणाऱ्या बाया, स्वैपाकिणी, मजूर ३८१ दिवस पायी चालले. अखेर वरिष्ठ कोर्टाने तो भेद बेकायदा ठरविला, आणि १९६४ सालच्या कायद्याने खाणावळींवरच्या पाट्याही उतरल्या.

आपल्याकडे १९२७ साली महाडच्या तळ्यावर असाच लढा झाला होता. तो लढविणाऱ्या बाबासाहेब आंबेडकरांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात विद्या घेतली होती. १९४६ साली त्यांनी काळ्यांचे विद्वान पुढारी ड्यु बॉइस यांना पत्र लिहिले. अस्पृश्यांची व अमेरिकेतल्या काळ्यांची स्थिती इतकी सारखी आहे की, तिचा अभ्यास आम्हांस करावाच लागेल, असा त्याचा आशय होता.

पाट्या गेल्या, रीत गेली काय? काही वर्षांपूर्वी तिकडच्या विद्वानांनी बॉस्टन व शिकागो या शहरांत नोकरीचे सुमारे ५,००० बनावट अर्ज पाठविले. शिक्षण सारखे, अनुभव सारखा. फक्त काही अर्जांवर गोऱ्यांत चालणारी नावे, काहींवर काळ्यांत चालणारी. २००४ साली निकाल छापला. गोऱ्या नावाला दहा अर्जांमागे एक बोलावणे आले. काळ्या नावाला तेवढ्यासाठी पंधरा अर्ज करावे लागले. हसू नका. आपल्या देशातही असाच प्रयोग झाला. २००७ साली त्याचा निकाल आला, तेव्हा दलित व मुसलमान नावांच्या अर्जांना बोलावणी कमी आलेली दिसली. खोली भाड्याने देताना घरमालक आधी काय विचारतो? “आडनाव काय तुमचे?” पाटी न लावता पाटीचे काम होते.

आता आपली पोरे. लातूरच्या शिकवण्या करून कोणी इंजिनियर होतो, कोणी पुढे अमेरिकेस जातो. बाप गावात अभिमानाने सांगतो, आणि का सांगू नये? पण ते दार उघडले कोणी? १९४६ सालच्या कायद्याने सगळ्या हिंदुस्थानातून वर्षाला अवघी शंभर माणसे तिकडे वस्तीला जाऊ शकत. ही अट १९६५ सालच्या कायद्याने गेली. काळ्यांनी मार खाऊन, तुरुंग भोगून देशाला लाज आणली, त्याच हवेत तो कायदा झाला. त्या दारातून आत गेलेला आपला मनुष्य काळ्यालाच हलका समजू लागला, तर त्यास काय म्हणावे?

असे पूर्वीही घडले आहे. भगतसिंग थिंद या पंजाबी गृहस्थाने नागरिकत्वाचा हक्क मागताना सांगितले की, मी उच्च जातीचा, आर्य रक्ताचा, म्हणून गोराच. १९२३ साली कोर्टाने त्याचा दावा फेटाळला. जातीची फुशारकी तिथे कवडीच्या कामी आली नाही. तरी ती पेटीत घालून नेणारे अजून आहेत. म्हणून तर २०२३ साली सिअ‍ॅटल शहराला जातिभेदास बंदी करणारा कायदा करावा लागला. तो मांडणाऱ्या क्षमा सावंत बाईंचा जन्म पुण्याचा. अमेरिकेतल्या कोणत्याही शहराने असा कायदा करण्याची ती पहिलीच वेळ.

आता आपल्या दाराशी येऊ. १९७८ साली मराठवाडा विद्यापीठास बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव झाला, आणि याच मराठवाड्यात दलितांची घरे जळाली. नाव लागावयास १९९४ साल उजाडले. घरे जळाली ती गावातल्याच माणसांच्या हातून. वरचा आपल्याला हलका म्हणाला की आपण त्याला अन्याय म्हणतो. खालच्याला आपण हलका म्हणालो की तीच वाडवडिलांची रीत होते! सुतार, लोहार, कुंभार बांधवांनो, बलुत्यासाठी खळ्यावर ताटकळत उभे राहणे काय असते, हे तुमच्या आजोबांना ठाऊक होते. ते विसरून तुम्हीही तुमच्या खाली कोणी शोधणार काय?

कायद्याने पाटी उतरते. रीत मात्र घरातल्या माणसालाच उतरवावी लागते. तेव्हा तीन गोष्टी मागतो. मजुरासाठी वेगळी ठेवलेली कपबशी कोणाच्या घरी असेल, तर ती घरच्या फळीवर ठेवा आणि पहिला चहा तिच्यातून तुम्ही प्या. खोली भाड्याने देताना भाडे विचारा, आडनाव विचारू नका. आणि ज्यांची मढी अजून वेगळ्या वाटेने, वेगळ्या मसणवट्यात जातात, त्यांच्यासाठी ग्रामसभेत तुम्ही स्वतः हात वर करा. त्यांनीच मागावे अशी वाट पाहू नका.

माँटगोमेरीच्या धुणेवाल्या बाया ३८१ दिवस चालल्या. आपल्याला कपबशी हलवायची आहे. ती फळी तर चार पावलांवर आहे.