माकडताप आणि डॉ. दंडवते यांचे संशोधन

(भेस्तान, सुरत येथे महाजन कुटुंबांसमोर दिलेले भाषण)



उदरनिर्वाहार्थ गोमंतक सोडून आपण सुरतेच्या परिसरात स्थायिक झालो, तरी जत्रा-शिगम्याला पावले देवाच्या गावाकडे वळतातच. त्या गावच्या रानाशी संबंधित असलेला विषय आज मी निवडला आहे. मुळात जनावराचा असलेला रोग माणसांत शिरला की काय होते, हे सुरतकरांना सांगावयास नको; सप्टेंबर १९९४ च्या प्लेगच्या वेळी माणसे मिळेल त्या गाडीने शहर सोडून गेली. तो जिवाणूचा रोग होता. आज ज्याविषयी बोलणार आहे, तो विषाणूचा.

१९५७ साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या रानात वानरे व माकडे मरून पडू लागली आणि पाठोपाठ गावकरी तापाने फणफणले. आशियात कधी न आढळलेला पीतज्वर तर नव्हे, अशी धास्ती प्रथम वाटली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने (स्थापना १९५२, १९७८ पासून राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था) शोध घेतला, तेव्हा विषाणू नवाच निघाला. तो पसरविते रानातील गोचीड. माकड मेले की त्याच्या अंगावरील गोचिडी खाली गळतात व ती जागा धोक्याची होते. रोग एका माणसापासून दुसऱ्याला होत नाही. तेव्हा माकडांना दोष देण्यात अर्थ नाही, तीही बळीच. रानाच्या कडेला चरणारी गुरे मात्र गोचिडींचा वंश वाढवितात.

या संशोधनात ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांपैकी डॉ. सी. एन. दंडवते हे एक. ओरिसातील गंजाम जिल्ह्यात शेळ्यांच्या अंगावरील गोचिडींत सापडलेल्या विषाणूचे वर्णन त्यांनी डॉ. के. व्ही. शाह यांच्यासह १९६९ मध्ये प्रसिद्ध केले. हा गंजाम विषाणू आणि आफ्रिकेतील मेंढ्यांना मारणारा नैरोबीचा विषाणू एकच, हे २००२ मध्ये सिद्ध झाले.

परंतु त्यांचे खरे व्रत माकडतापाच्या लशीचे. रशियातील सजातीय रोगावरची लस शिमोग्यात टोचून पाहिली होती. तिचा उपयोग झाला नाही. मी आयुष्यभर कारकुनी केली, त्यामुळे माणसापेक्षा तारखांवर नजर आधी जाते. लशीच्या प्रयोगांवरील निबंधात दंडवते यांचे नाव १९६५ मध्ये आढळते. सागर व सोरब तालुक्यांत लस टोचलेल्यांच्या रक्ततपासणीचा निबंध १९८० चा. आणि कर्नाटकातील तीन जिल्ह्यांतील पाहणीचा १९९४ चा. एकोणतीस वर्षे, एकच रोग! कोंबडीच्या गर्भाच्या पेशींवर विषाणू वाढवून तो फॉर्मेलिनने निष्प्राण करावयाचा, अशी ती कृती. हे काम जिवावरचे होते. प्रयोगशाळांतील कित्येकांना हाच ताप आला.

१९९४ च्या पाहणीत दोन मात्रा घेतलेल्यांना शेकडा ९३.५ संरक्षण मिळाल्याचे दिसले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या पाहणीत तोच आकडा ६२.४ वर आला. वर्धक मात्रेसह ८२.९. शिवाय मात्रा वर्षानुवर्षे घ्यावयाच्या. रानात रोज लाकूडफाट्यास जाणाऱ्या मजुराला ते नेमाने कसे जमावे? अखेर २०२२ मध्ये ती लस देणे थांबले. यावरून दंडवते यांचे श्रम व्यर्थ गेले असे कोणी म्हणेल. मला ते मान्य नाही. सुमारे तीन दशके या रोगापुढे उभी असलेली लस तीच होती, आणि तिच्या उणिवाही पाहणी करूनच कळल्या.

आता आपल्या गावाकडे वळतो. २०१५ मध्ये सत्तरी तालुक्यातील पाली गावात माकडताप आला. काजूच्या बागेत बोंडू वेचणारी माणसे त्यात सापडली. पुढच्याच वर्षी शेजारच्या दोडामार्ग तालुक्यात साथ आली. या रोगाचा हंगाम डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका आपल्या जत्रांचा व काजूचा. रोग्यांपैकी शेकडा तीन ते पाच दगावतात. म्हणून गावी गेल्यावर बागेत जाताना अंगभर कपडे घालावेत, परतल्यावर मुलांचे अंग गोचिडींसाठी तपासावे व गरम पाण्याने स्नान घालावे. मेलेले माकड दिसल्यास त्याला हात लावू नये, त्या बाजूला गुरे नेऊ नयेत, आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रास कळवावे.