हजानचा पगार

  प्रथेप्रमाणे आपल्या ज्यू समाजाच्या धर्मादाय फंडांच्या कामाचा आढावा अध्यक्ष म्हणून मी घ्यायचा. पेसाहच्या सणाचा मात्सा, मुलांच्या फिया, म्हाताऱ्यांची औषधं, सगळं छापील अहवालात आहे, सवडीने वाचा. मला आज एकाच विषयावर बोलायचं आहे. तो बरीच वर्षं पोटात आहे.

आपल्याकडे भिंतीला देणगी मिळते, प्रार्थना चालवणाऱ्या हजानला मिळत नाही.

मी एका गावच्या सिनेगॉगचा गबाई, म्हणजे खजिनदार, होतो. परदेशातून एक गृहस्थ आले, भला माणूस. आजोबांच्या नावाने काहीतरी करायचं म्हणाले. मी म्हटलं, हजानचा पगार द्या. ते म्हणाले, त्यावर नाव कुठे लागणार? शेवटी फरशी बदलली, रंग दिला, संगमरवरी पाटी बसली. आमचा हजान दिवसा कारखान्यात नोकरी करून शुक्रवारी संध्याकाळी एस.टी.ने यायचा. प्रवासखर्च जाऊन त्याच्या हातात जेमतेम रिक्षाभाडं उरायचं. त्याने येणं सोडलं. आता शब्बाथला त्या सिनेगॉगला कुलूप असतं आणि रविवारी फोटो काढणाऱ्यांसाठी ते उघडतं. वारसा म्हणे!

1875 साली आपल्याच समाजातल्या हाईम सॅम्युएल केहीमकर आणि त्यांच्या सोबत्यांनी मुंबईत शाळा सुरू केली, ती पोरं शिकावीत म्हणून. देणगीदार एली कदूरींचं नाव तिला कितीतरी नंतर लागलं. आधी काम उभं राहिलं, पाटी मागून आली. आपण पाटीपासून सुरुवात करतो.

मदत कशी द्यायची यावर सकाळच्या चर्चेत दोन तट पडले. मदतीला अर्ज आणि दाखले हवेतच, असं एक म्हणाला. मोठ्या शहरी ट्रस्टकडे सगळं सोपवा, गावोगावचे फंड बंद करा, असं दुसरा. दोघांनाही एक गोष्ट सांगतो. आमच्या आळीत एक बाई एकटी राहायची. मुलगा इस्रायलमध्ये अश्दोदला, तिकडे त्याचंच भागेना. फॉर्म पुढे केला तर म्हणाली, “आम्ही नेदाबा देणारी माणसं, अर्ज कसला करू?” मग रोश हशानासाठी, म्हणजे आपल्या नववर्षासाठी, आम्ही तिच्याकडे चिकाचा हलवा करायला दिला. गहू भिजत घातले, वाटले, चीक गाळला, नारळाचं दूध काढलं, भलं मोठं पातेलं तासन्‌तास ढवळत बसली. शेजारच्या मुली हाताखाली. वड्या पनवेलपर्यंत गेल्या, पैसे तिच्या हातात पडले. पुढे प्रेषित एलियाहू हन्नाबीच्या नावाने होणाऱ्या मालिद्याची कामंही तिलाच. कुठल्या दारात फॉर्म न्यायचा नसतो, हे मुंबईच्या कचेरीला कसं कळणार? वाद माझ्यापुरता तिथेच मिटला.

1951 च्या जनगणनेत देशात आपण 26 हजारांवर होतो. 2001 मध्ये 4,650 उरलो. बहुतेक इस्रायलला गेले, त्यांचं भलं होवो. राज्य सरकारने 2016 मध्ये अल्पसंख्याक दर्जा दिला, तेही बरंच झालं. पण कादिशच्या प्रार्थनेला लागणाऱ्या दहांपैकी दहावा माणूस सरकार पाठवणार नाही. त्याला पनवेलहून आणायचा तर गाडीभाडं लागतं. अहवालात गाडीभाड्याचं कलम दाखवा मला! रंगरंगोटीचं आहे. दोन पानं आहे.

कार्यवाहांनी पुढच्या वर्षाच्या कामांची यादी मागितली आहे. दोन-तीन गावांत मिळून एक पगारी हजान ठेवावा, असं मनात आहे. सिनेगॉगची देखभाल करणाऱ्या शमाशांसाठीही काही करायला हवं. मुलांना हिब्रू वाचायला शिकवणारं कुणी मिळालं तर पाहू. तपशील कार्यकारिणीने ठरवावा, मी आता थकलो. वर्गणीचं पुस्तक दाराजवळच्या टेबलावर ठेवलंय. रक्कम कितीही चालेल, फक्त दरमहा द्या. आणि ज्यांना पाटी हवी असेल त्यांनी जेवणानंतर मला गाठावं, मी भांडायला मोकळा आहे.