स्पष्ट बोलणारा कोच : आर्मांदो कुलासो यांची गोष्ट

(आपल्या पॉडकास्टच्या नव्या भागाचा हा मजकूर. इअरफोन सापडत नसतील तर वाचा. बोलताना जसं बोललो, बरंचसं तसंच ठेवलंय.)

 

आज नरडाण्याहून बोलतोय. सध्या घरूनच काम चालू आहे. त्यामुळे मध्येच सुरत-भुसावळ लाइनवरची मालगाडी हॉर्न मारत गेली तर सांभाळून घ्या. तो आवाज एडिट करता येत नाही मला.

आधी माझी एक गोष्ट सांगतो, मग फुटबॉलकडे येतो.

मागच्या वर्षी आमच्या एका मोठ्या रिलीजच्या आधी कॉल होता. चाळीसेक लोक. सगळे म्युटवर, सगळ्यांचं 'ऑल गुड'. मी माइक चालू केला आणि म्हणालो, "याचं टेस्टिंग धड झालेलंच नाही. हे पडणार." शांतता. रिलीज झालं आणि दोन दिवसांत पडलं. म्हणजे मी बरोबर होतो! आणि पुढच्या महिन्यात प्रोजेक्टमधून बाहेरही होतो. कारण काय, तर 'टीमशी जुळत नाही.'

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात बसलाय. खरं बोलणारा माणूस एका ठिकाणी टिकतो आणि दुसऱ्या ठिकाणी का टिकत नाही? याचं उत्तर शोधताना मला आर्मांदो कुलासो सापडले.

आमच्या गावात रात्री जागून मोबाइलवर प्रीमियर लीग बघणारी पोरं आहेत. त्यांना मोरिन्यो पाठ. पण आपल्या शेजारच्या गोव्यातला हा माणूस विचारला की चेहरा कोरा. म्हणून आजचा भाग.

कुलासो सर गोव्याच्या धेंपो स्पोर्ट्स क्लबचे कोच. 2000 च्या सुमारास आले आणि 2013 पर्यंत राहिले. भारतात फुटबॉल कोचची खुर्ची म्हणजे संगीत खुर्ची हो, गाणं थांबलं की उठायचं. तिथे हा माणूस तेरा वर्षांच्या आसपास टिकला. तेसुद्धा गोड बोलून नाही. मनात येईल ते तोंडावर सांगणारा कोच, हीच त्यांची ओळख.

आणि निकाल? देशाची लीग पाच वेळा जिंकली. 2004-05 आणि 2006-07 मध्ये नॅशनल फुटबॉल लीग. मग तिचं नाव आय-लीग झालं, तर तिचा पहिलाच सीझन 2007-08, तोही धेंपोचा. पुढे 2009-10 आणि 2011-12. मधल्या 2008 मध्ये एएफसी कपच्या सेमीफायनलपर्यंत गेले, तिथे लेबनॉनच्या सफा क्लबकडून हरले.

रँटी मार्टिन्स, बेटो हे परदेशी खेळाडू होतेच. पण टीमचा कणा गोव्याच्या पोरांचा होता. समीर नाईक, महेश गवळी, क्लायमॅक्स लॉरेन्स, क्लिफर्ड मिरांडा. हीच पोरं वर्षानुवर्षं एकत्र खेळली. रोज ज्याची बोलणी खायची त्याच कोचकडे इतकी वर्षं कोण थांबतं? याचं उत्तर मला स्कोअरबोर्डवर नाही सापडलं. 5 डिसेंबर 2004 या तारखेत सापडलं.

त्या दिवशी बंगळूरच्या कंठीरवा स्टेडियमवर फेडरेशन कपची फायनल होती. धेंपो विरुद्ध मोहन बागान. धेंपोचा ब्राझिलियन स्ट्रायकर क्रिस्टियानो ज्युनियर, वय 25. त्यानं पहिला गोल मारला. मग दुसरा मारताना पुढे आलेल्या गोलकीपरशी त्याची धडक झाली. बॉल जाळ्यात गेला आणि क्रिस्टियानो खाली कोसळला. तो परत उठलाच नाही. हॉस्पिटलमध्ये त्याला मृत घोषित केलं. मैदानावरच्या वैद्यकीय सोयींवरून नंतर देशभर टीका झाली. धेंपोनं कप जिंकला होता, 2-0. दोन्ही गोल क्रिस्टियानोचे.

आता विचार करा. तुमच्या टीममधला पोरगा मैदानावर गेलाय, आणि नवा सीझन तोंडावर आलाय. ती ड्रेसिंग रूम कुणीतरी सावरायची होती. धेंपोनं त्याची 10 नंबरची जर्सी कायमची बाजूला ठेवली आणि त्याच सीझनला कुलासोंच्या हाताखाली लीग जिंकली. असा वाईट काळ ज्याच्यासोबत काढलाय, त्याचं कडक बोलणं माणूस ऐकून घेतो.

गोष्ट इथे संपत नाही. त्या धडकेतला मोहन बागानचा गोलकीपर होता सुब्रत पाल. अठराही पूर्ण नव्हती त्याला. फेडरेशननं त्याला दोन महिने निलंबित केलं. पुढे तो भारताचा एक नंबरचा गोलकीपर झाला. 2011 मध्ये बॉब हाउटन गेल्यावर भारतीय टीम कुलासोंकडे आली. वर्ल्ड कप पात्रता फेरीत यूएईविरुद्ध त्यांच्या टीमच्या गोलमध्ये कोण उभा होता? सुब्रत पाल. ज्याच्याशी झालेल्या धडकेत आपला खेळाडू गेला, त्याच्यावरच देशाचा गोल सोपवला. मनात काय होतं ते सरांनाच ठाऊक. मैदानावर दिसलं एवढंच, की हिशोब खेळाचा होता. जुन्या जखमेचा नव्हता.

तो सामना मात्र वाईट गेला. पहिल्या हाफमध्येच देबब्रत रॉय आणि सुब्रत, दोघांना रेड कार्ड. नऊ जणांनी खेळून 0-3 हार. पाच दिवसांनी, 28 जुलैला, दिल्लीत 2-2 बरोबरी. कुलासोंचा भारताकडचा काळ काही महिन्यांतच संपला. नंतर कोलकात्यात ईस्ट बंगाल. तिथे 2013-14 च्या आय-लीगमध्ये दुसरा नंबर आणला, तरी फेब्रुवारी 2015 मध्ये तेही सुटलं.

म्हणजे माणूस तोच, तोंड तेच. एकीकडे तेरा वर्षं, दुसरीकडे काही महिने.

इंग्लंडमध्ये अशीच एक केस आहे. ब्रायन क्लफ. 1974 मध्ये लीड्सचा मॅनेजर झाला. चॅम्पियन टीम होती. आल्या आल्या खेळाडूंना काय सांगितलं म्हणतात, तर तुमची मेडल्स कचऱ्यात टाका, ती तुम्ही चीटिंग करून जिंकलीत. 44 दिवसांत घरी! तोच क्लफ 1975 मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टला गेला, दुसऱ्या डिव्हिजनच्या टीमकडे. 1978 मध्ये लीग जिंकली, 1979 आणि 1980 ला युरोपियन कप. तिथे राहिला 18 वर्षं. तोंड तिथेही बंद नव्हतंच की! पण फॉरेस्टची टीम त्यानं स्वतः उभी केली होती. लीड्समध्ये दुसऱ्यांच्या घामावर पहिल्याच दिवशी काट मारली.

हे वाचलं आणि मला माझा कॉल आठवला.

आमच्या टेस्टिंग टीममधल्या एका मुलीला मी परवा फोन केला. वर्षभरानंतर. ती म्हणाली, "तू बरोबर होतास रे. वेळच दिला नव्हता आम्हाला. पण आम्ही दोघं तीन रात्री जागलो होतो. तू चाळीस जणांसमोर म्हणालास, टेस्टिंग धड झालेलंच नाही. आधी आम्हाला विचारलं असतंस, तर त्या कॉलवर आम्हीपण बोललो असतो."

मला काही सुचेना. मला काढलं ते चूकच होतं, हे मी आजही म्हणतो. पण मी ओरडलो वरच्यांवर आणि लागलं शेजारच्यांना.

संध्याकाळी वडिलांना सगळं सांगितलं. ते अहिराणीत एवढंच म्हणाले, "खरं बोल ना भो. पन बरोबरना मानसेस्ले धरीसन बोल."

जाता जाता, त्या पोरांचं पुढे काय झालं? महेश गवळी आणि समीर नाईक कोच झाले. क्लिफर्ड मिरांडानं कोच म्हणून 2023 मध्ये ओडिशा एफसीला सुपर कप जिंकून दिला. धेंपो क्लब 2016 मध्ये आय-लीगमधून बाहेर पडला होता, तो 2024-25 ला परतला. आणि 17 जानेवारी 2025 ला राष्ट्रपती भवनात आर्मांदो कुलासोंना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला.

सोमवारी मी नव्या टीममध्ये जातोय. तिथेही काहीतरी चुकीचं दिसेलच, आणि मी बोलणारच, स्वभाव जात नाही. फक्त यावेळी माइक चालू करायच्या आधी दोन फोन करीन.

तुमच्या ऑफिसात, कॉलेजात असं झालंय का? खरं बोलून बाहेर पडलात, की गप्प बसून आत राहिलात? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो. आणि गोव्यातलं कुणी ऐकत असेल तर कुलासो सरांचे किस्से नक्की सांगा.

चला, ही आली बघा मालगाडी. भेटू. राम राम!